कृपेचा व्यवहार

'कृपा' हा शब्द मराठीत इतका हाताळला गेला आहे की त्याची धार आता सहसा जाणवत नाही. अर्जाच्या शेवटी 'कृपा व्हावी' असे लिहिले जाते, सार्वजनिक पाटीवर 'कृपया' असते, पाऊस वेळेवर पडला तर ती वरुणराजाची कृपा ठरते आणि कचेरीत बढती मिळाली तर साहेबांची. जुन्या पत्रांतून तर आपली खुशालीसुद्धा वाचणाऱ्याच्या कृपेने असे. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. कृपा करणारा वर उभा असतो, कृपा घेणारा खाली. एकाचा हात उपडा, दुसऱ्याचा उताणा. ख्रिस्ती धर्माने हाच शब्द आपल्या श्रद्धेच्या मध्यभागी आणून ठेवला. परंतु तसे करताना त्याला हा उपड्या आणि उताण्या हातांचा हिशेब मोडावा लागला. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात जे काही मोलाचे घडले ते बहुधा हा हिशेब मोडताना घडले, आणि जे लाजिरवाणे घडले ते तो पुन्हा मांडून बसल्यामुळे.

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'खारिस' हा आहे. देणगी, प्रसन्नता, लावण्य आणि कृतज्ञता या सर्व छटा त्या एका शब्दात येतात. देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याचे धन्यवाद या दोहोंना ग्रीक माणूस एकच नाव देत असे. मराठीत त्यासाठी 'कृपा' हा शब्द रूढ झाला. दया आणि क्षमा या तिच्या सख्ख्या बहिणी खऱ्या. तथापि तिघींत फरक आहे, आणि तो आपल्याकडील सावकारी व्यवहारावरून चटकन ध्यानात येतो. ऋणकोला मुदत वाढवून मिळाली तर ती दया. सावकाराने खतच फाडून टाकले तर ती क्षमा. आणि खत फाडल्यावर त्याच ऋणकोला हाताशी धरून पंक्तीत आपल्या शेजारच्या पाटावर बसविले तर ती कृपा. पहिल्या दोहोंत सावकार सावकारच राहू शकतो. तिसरीत त्याला आपली जागा सोडून थोडे सरकावे लागते.

येशूच्या दाखल्यांत पैशाचे हिशेब फार येतात, आणि ते हिशेब मुद्दामच न जुळणारे असतात. एका चाकराला राजाचे दहा हजार तालांत देणे होते. राजाने ते सर्व सोडून दिले. बाहेर पडताच त्याच चाकराने शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला. दीनार म्हणजे एका मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. शंभर दीनार ही तीन-साडेतीन महिन्यांची कमाई होय; लहान रक्कम नव्हे. दहा हजार तालांत म्हणजे मात्र सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबणाऱ्या मनुष्यास ती फेडावयास दोन लाख वर्षे लागतील. ऐकणाऱ्यांनी हसावे, आणि हसता हसता गळा धरणाऱ्याच्या जागी स्वतःला ओळखावे, अशीच त्या आकड्याची योजना दिसते. दाखल्यातील शंभर दीनार खोटे नाहीत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. माणसे एकमेकांचे खरोखरच देणे लागतात. अपमान झालेला असतो, पैसे बुडालेले असतात. येशूने ते देणे नाकारले नाही. फक्त त्याच्या शेजारी दुसरा आकडा मांडून दाखविला.

दुसरा दाखला द्राक्षमळ्याचा. धनी पहाटे मजूर लावतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अखेरीस अकराव्या ताशी. म्हणजे दिवस मावळावयास एकच तास उरलेला असताना. संध्याकाळी सर्वांच्या हातावर एकेक दीनार पडतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ती कुरकुर अगदी रास्त आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ सालापर्यंत ज्याला औरंगाबाद म्हणत त्या शहरात, सकाळच्या वेळी मजूर अड्ड्यावर जाणाऱ्यास हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. घमेले, थापी, कुदळ घेऊन शेकडो माणसे उभी असतात. मुकादम येतो, दंड पाहतो, वय पाहतो, आणि तरणीबांड माणसे आधी उचलतो. दुपारपर्यंत जे तेथे उरतात ते आळशी म्हणून उरत नाहीत. कोणी साठी ओलांडलेला असतो, कोणाचा हात अधू असतो, कोणी बाई लेकरू काखेत घेऊन आलेली असते. अकराव्या ताशी लावलेल्या मजुरांनी धन्याला हेच उत्तर दिले आहे: आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. त्यांच्या घरी मात्र चुलीला पूर्ण दिवसाचेच सरपण लागते. धन्याने तासांकडे न पाहता चुलीकडे पाहिले, एवढाच त्या विचित्र हिशेबाचा अर्थ.

ही दृष्टी मराठी मुलखास अगदीच नवी होती, असे म्हणता येणार नाही. शहराच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर पैठण आहे, आणि तेथल्या एकनाथमहाराजांच्या (१५३३–१५९९) कथा लहान मुलांनाही ठाऊक आहेत. गोदावरीचे स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य पुनःपुन्हा थुंकला आणि नाथ पुनःपुन्हा स्नानास गेले. शेवटी तो दमला आणि पाया पडला. तेव्हा, आज तुझ्यामुळे इतक्या वेळा गोदास्नान घडले, म्हणून नाथांनी त्याचेच आभार मानले, असे सांगतात. रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथाही तशीच. या कथांचा ऐतिहासिक पुरावा कोणी मागत नाही आणि मागूही नये. समाजाने त्या चारशे वर्षे जपल्या, यातच त्याला कोणते वागणे थोर वाटते याचा पुरावा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशा अर्थाचे म्हणून ठेवले आहे. तो पूल मराठी संतांनी आधीच बांधून ठेवला होता.

पुलापलीकडे गेलेल्यांची कसोटी मात्र निराळीच होती. १८४३ साली मुंबईस नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा अल्पवयी म्हणून त्यांच्या हवाली करण्यात आला. येथपर्यंत प्रश्न कायद्याचा होता. खरा प्रश्न पुढेच उभा राहिला. या पोराने परधर्मीयांच्या घरचे अन्नपाणी सेवन केले होते. त्याला घरात, जातीत, पंक्तीत पुन्हा घ्यावयाचे की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा पक्ष धरला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. एका अजाण मुलासाठी आपली प्रतिष्ठा पणाला लावणारा हा हिंदू पंडित आणि उधळ्या पुत्रासाठी धावत सुटणारा दाखल्यातला बाप यांत फारसे अंतर नाही. ख्रिस्ती व्याख्यात्यांनी या प्रकरणातील थोरल्या भावाची कथा पुष्कळ सांगितली. धाकट्याची सांगताना बाळशास्त्रींना द्यावयाचे श्रेय मात्र ते बहुधा विसरले.

थोरला भाऊ पुढे जालन्यास आला. जालना हा त्या काळी निजामाच्या राज्यातील औरंगाबादकडचा भाग; १९८१ साली स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत तो औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाची वसाहत वसविली. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या राजवटीत त्यासाठी जमीन मिळाली. तेथे येऊन राहिलेली कुटुंबे मुख्यतः मांग समाजाची होती. या एका वाक्यात किती गोष्टी सामावल्या आहेत, हे आजच्या पिढीस सहजी कळणार नाही. ज्या जातीची सावली चुकवावयाची, तिच्या विहिरीचे पाणी पिणे, तिच्या मुलांना मांडीवर घेणे, एकाच भाकरीचा तुकडा मोडून खाणे हे ब्राह्मण कुळात जन्मलेल्या मनुष्याने केले. याच सुमारास औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने रतनजी नवरोजी हे पारशी कुळातील धर्मोपदेशक काम करीत होते. ब्राह्मण, पारशी आणि मांग यांनी एका वेदीपुढे गुडघे टेकावे, हे दृश्य मराठवाड्याने तत्पूर्वी पाहिले नव्हते.

परंतु वेदीपुढे टेकलेले गुडघे उठून घरी गेल्यावर काय करतात? येथे ख्रिस्ती समाजाला मान खाली घालावी लागते. जात ही देवळाच्या दारात काढून ठेवावयाची वहाण नव्हे. ती कातडीसारखी अंगाबरोबर आत येते. दक्षिणेतील मंडळ्यांत उच्चवर्णीय ख्रिस्ती पवित्र भोजनाच्या प्याल्याला आधी तोंड लावीत आणि इतरांनी मागून यावे असा आग्रह धरीत. अखेर १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना जातिभेद मंडळीतून समूळ काढून टाकावा असे पत्रक काढणे भाग पडले. महाराष्ट्रात इतका उघड प्रकार कमी. तरीही सोयरीक जुळविताना मूळ जात हळूच विचारणारी ख्रिस्ती घरे आजही आहेत. पलीकडून सरकारी नियमांचाही काच आहेच. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाची कक्षा १९५६ साली शिखांपर्यंत आणि १९९० साली बौद्धांपर्यंत वाढविण्यात आली. दलित ख्रिस्ती तिच्या बाहेरच आहेत. 'लोभाने बाटले' हा आरोप ज्यांच्यावर उठता बसता होतो, त्यांच्या पदरात त्या बाटण्याने सवलती पडल्या नाहीत, उलट होत्या त्या गेल्या.

घरातली कृपा ही देवळातल्या कृपेहून कठीण. याचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण टिळक दांपत्याचे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पत्नीला त्याची वार्ता घटना घडून गेल्यावर लागली. आधुनिक वाचकाच्या दृष्टीने हा अन्यायच होय. लक्ष्मीबाई काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. नंतर आल्या त्या आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल सांभाळून. टिळकांनी धर्मांतराची सक्ती केली नाही, ही त्यांच्या बाजूची कृपा. आणि झाल्या गोष्टीचे शल्य उगाळीत न बसता त्यांनी संसार पुन्हा मांडला, ही लक्ष्मीबाईंची. दोहोंत दुसरी अधिक महाग होती, हे कबूल केले पाहिजे. १९०० साली त्यांनी स्वतः, आपल्या विचाराने, बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात अनाथ झालेली मुले घरी आणून ठेवण्याची टिळकांना हौस. त्यांचे जेवणखाण, खरूज, ताप सारे काढावयाचे लक्ष्मीबाईंनी. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात त्यांनी हे सारे सांगितले आहे, आणि नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर पोट धरून हसावे असे सांगितले आहे. ज्याने आपले इतके देणे थकविले त्याच्याविषयी इतक्या प्रसन्नपणे लिहिता येणे, यात 'खारिस' या ग्रीक शब्दाचे सगळे अर्थ एकवटतात. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे केले.

केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी ज्या निरनिराळ्या शाखा काढल्या, त्यांतील एकीचे नाव 'कृपासदन' होते. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी ते होते. त्या स्त्रियांसाठी 'दयासदन' हे नाव कोणालाही सुचले असते. रमाबाईंची भाषेची जाण सूक्ष्म होती. मूळ हिब्रू आणि ग्रीक पाहून साऱ्या बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या विदुषीने नाव निवडले ते विचार करूनच निवडले असणार.

आज छत्रपती संभाजीनगरात छावणीतील जुन्या चर्चपासून सिडकोच्या नव्या वस्त्यांपर्यंत अनेक मंडळ्या आहेत. उत्तर भारतातील सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली; कॅथोलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली निर्माण झाला; याखेरीज भाड्याच्या सभागृहात जमणाऱ्या लहान मंडळ्या आहेत. उपासनेचे रंग वेगवेगळे. कोठे घंटा आणि मिस्सा, कोठे तबला-पेटीवर टिळकांची भजने, कोठे गिटार. कृपेची परीक्षा मात्र सर्वत्र त्याच त्या ठिकाणी होते. उशिरा आलेल्या मनुष्याकडे किती माना वळतात? मुलीने परधर्मात विवाह केला, तर तिच्या आईला स्त्रियांच्या सभेत पूर्वीसारखेच बोलावणे जाते काय? दारूपायी नोकरी गमावलेला गृहस्थ वर्षभराने बाकावर परत आला, तर शेजारचा सरकून जागा देतो, की प्रार्थनेचे पुस्तक मध्ये ठेवतो? पंचमंडळाच्या निवडणुकीत हरलेला पक्ष पुढल्या रविवारी येतो काय, आणि जिंकलेला त्याला येऊ देतो काय? भारतातील ख्रिस्ती संस्थांच्या जमिनी आणि पदे यांवरून चाललेले दावे न्यायालयांत थोडे नाहीत. ज्या पौलाने करिंथच्या मंडळीस आपापसांतले खटले बाहेरच्या न्यायाधीशापुढे नेऊ नका, त्यापेक्षा नुकसान सोसा, असे लिहिले, त्याचेच पत्र व्यासपीठावर वाचून लोक वकिलाकडे जातात.

येथे एक मोठा धोका सांगणे आवश्यक आहे. कृपेच्या नावाखाली अपराध झाकण्याची खोड धर्मसंस्थांना फार जुनी आहे. ज्याने संस्थेचे पैसे खाल्ले, ज्याने अधिकाराच्या जोरावर दुर्बळावर हात टाकला, त्याच्यासाठी 'क्षमा करा, विसरून जा' असा उपदेश होतो. आणि तो उपदेश बहुधा ज्याने सोसले त्यालाच होतो, ज्याने केले त्याला नव्हे. ही कृपा नव्हे, सोय होय. जर्मनीतील धर्मपंडित दीत्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली अशा कृपेला 'स्वस्त कृपा' असे नाव दिले. हिटलरच्या राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिले, तेव्हा महाग कृपेचा अर्थ त्यांनी पुस्तकाबाहेरही लिहून ठेवला. नव्या करारातील जक्कयाची गोष्ट याच प्रश्नाचे उत्तर देते. जक्कय हा जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला काही न विचारता त्याच्या घरी जेवावयास गेला. उपदेश नाही, अट नाही. परंतु पानावरून उठण्यापूर्वीच जक्कयाने आपले अर्धे धन दरिद्र्यांना दिले आणि ज्याला फसविले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. क्रम पाहण्यासारखा आहे: आधी पाहुणचार, मग परतफेड. परतफेडीची अट घातली असती तर तो सौदा झाला असता. परतफेड झालीच नसती तर तो तमाशा झाला असता. ज्यांचे पैसे बुडाले होते ते गावकरी रिकाम्या हाताने घरी गेले नाहीत, हे त्या गोष्टीतले वाक्य प्रवचनांतून फार क्वचित ऐकू येते.

देवळाबाहेर कृपेला एवढी मोठी नावे नसतात. या शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. जलाशयाला नाव नाथसागर. तहानलेल्या गाढवाला कावड पाजणाऱ्याच्या नावाचा एवढा सागर उशाशी असून शहरात गेली कित्येक वर्षे नळाला दिवसांच्या दिवस खंडाने पाणी येत आले आहे. सतराव्या शतकात मलिक अंबराने खोदविलेल्या नहरींचे कौतुक पाणचक्कीपाशी उभे राहून करावयाचे आणि घरी येऊन टँकरची वाट पाहावयाची, असा येथील नागरिकाचा क्रम. ज्या गल्लीत एकाच घरी बोअरला पाणी आहे, त्या गल्लीत उन्हाळ्यात त्या घराची नळी कोणाच्या हौदापर्यंत पोचते यावरून त्या घराचे दैवत ओळखावे. दारावर क्रूस आहे, तोरण आहे की चांदतारा, याने फरक पडत नाही. नळी दिली आणि चार माणसांत बोलून दाखविली, तर ते पाणी मोलाचे होऊन बसते. घेणाऱ्याची मान त्या हंड्याच्या वजनाने वाकत नाही, उपकाराच्या वजनाने वाकते.

वाळूजच्या कारखान्यात उशिरा आलेल्या कामगाराचा अर्धा दिवस कापावा की मुलाच्या आजारपणाची चौकशी करावी, हा फोरमनचा रोजचा प्रश्न. नियम मोडावा असे कोणी म्हणत नाही. नियम लावतानाही डोळ्यांत पाहता येते. घरकामाच्या बाईकडून काचेचा पेला फुटतो, तेव्हा धनिणीच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, 'हाताला लागलं का?' की 'केवढ्याचा होता!', यात तिच्या साऱ्या उपासतापासांची झडती होते.

नाताळात मराठवाड्यातील ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, लाडू होतात आणि शेजारीपाजारी ताटे जातात. दिवाळीस तिकडून आलेली असतात, ईदेस शीरखुर्मा आलेला असतो. आलेले ताट रिकामे परत करू नये, हा सर्व मराठी घरांचा रिवाज. काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालून द्यावी. रिवाज गोड आहे, परंतु त्यात एक गोम आहे. ज्या घरी साखरही नाही त्या घरची बाई, परत काय पाठवावे या संकोचाने, आलेले ताट उंबऱ्यावरूनच 'कशाला हो' म्हणून परतविते. जाणती गृहिणी म्हणूनच त्या एका घरी ताट पाठवीत नाही. ती पोरांनाच हाक मारून आपल्या ओट्यावर बसविते, आपल्या मुलांच्या पंक्तीला, आणि वाढताना कोणाचे पान पहिले येईल याचा हिशेब ठेवीत नाही.